वाचकांचे प्रश्न : गच्चीवरचं सोलर आणि जमिनीतलं अर्थिंग

गेल्या अंकात गच्चीवरच्या सोलरबद्दल लिहिलं होतं. २०२४ च्या फेब्रुवारीत आलेली पीएम सूर्यघर योजना, घराला तीन किलोवॅटला ७८ हजारांची सबसिडी, सोसायटीच्या कॉमन लाईटसाठी किलोवॅटमागे १८ हजार, असं सगळं, आणि शेवटी म्हटलं होतं शंका असतील तर कळवा. मला वाटलं बहुतेक जण बिल किती कमी होईल तेच विचारतील, पण ठाणे आणि नवी मुंबईतून बरेचसे प्रश्न आले ते अर्थिंगचे. मला खरंच बरं वाटलं. सोलरच्या कोटेशनमध्ये अर्थिंगची ओळ अगदी खाली कुठेतरी असते, तिच्यावर कुणी घासाघीससुद्धा करत नाही, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं घरातली माणसं सुरक्षित राहणार की नाही ते मात्र तिच्यावर ठरतं.

एक प्रश्न उशिरा आला तरी सगळ्यात वर घेतलाय, कारण तो थांबू शकत नाही.

प्रश्न : आमच्याकडे तीन किलोवॅटचं सोलर आहे, दोन वर्षं झाली. पावसात पॅनलच्या फ्रेमला किंवा बाजूच्या रेलिंगला हात लागला की झिणझिण्या येतात. व्हेंडर म्हणतो थोडं असतंच, ओलाव्यामुळे होतं. खरं आहे का? — नेरूळहून एक वाचक

नाही, हे "असतंच" म्हणून सोडून द्यायचं नाहीये. आधी सिस्टिम बंद करा, पहिल्यांदा एसीचा (घराच्या लाईनकडचा) आयसोलेटर स्विच, मग डीसीचा (पॅनलकडचा), गच्चीचं दार लावून घ्या, मुलांना वर पाठवू नका, आणि मग पुढचं वाचा.

पॅनलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारं मशीन म्हणजे इन्व्हर्टर. आजकालच्या घरगुती इन्व्हर्टरमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यामुळे पॅनलच्या आतल्या सेल आणि घरची एसी लाईन यांच्यात आडोसा असा काही राहत नाही, आणि पॅनलच्या डीसी वायरींवर जमिनीच्या तुलनेत पन्नास हर्ट्झचा थोडा एसी नाचत असतो. आत सेल, मध्ये काच आणि इन्सुलेशन, बाहेर अॅल्युमिनियमची फ्रेम, म्हणजे झाला की कपॅसिटर, ज्यातून एसी थोडा थोडा पलीकडे जातो, आणि काचेवर पाणी पसरलं की तो आणखी मोठा होतो. त्यातून अगदी थोडा करंट सतत फ्रेमकडे पाझरतो. फ्रेमला अर्थिंग नीट असेल तर तो गुपचूप जमिनीत जातो, कुणाला कळतही नाही. अर्थिंगची वायर तुटली असेल, किंवा जोडलेलीच नसेल, तर तो वाट बघत बसतो आणि तुम्ही हात लावला की तुमच्यातून जातो.

तीन किलोवॅटच्या ओल्या पॅनलचा हिशोब मांडला तर हा करंट दहा मिलिअँपिअरच्या आसपास जाऊ शकतो. एक मिलिअँपिअरला झिणझिणी कळते, दहाच्या आसपास हाताचे स्नायू आखडायला लागतात, पकडलेली वस्तू सोडवत नाही, आणि ओल्या शिडीवर उभा असलेला माणूस नुसता दचकला तरी पडतो. म्हणजे ओलाव्यामुळे करंट वाढतो इतपत व्हेंडरचं बरोबर, पण तो तुम्हाला जाणवतोय याचं कारण अर्थिंग गेलंय हे आहे.

इलेक्ट्रिशियनला सांगायचं की प्रत्येक पॅनलच्या फ्रेमपासून खालच्या अर्थिंगच्या पट्टीपर्यंत कंटिन्युइटी, म्हणजे वाट अखंड आहे का ते मोजून दे, विरोध एक ओहमच्या आत आला पाहिजे, आणि प्रत्येक म्हणजे प्रत्येक, पहिल्या पॅनलचं मोजून बाकीच्यांना बरोबरची खूण नको. कारण अॅल्युमिनियमच्या फ्रेमवर अॅनोडायझिंगचा थर असतो, तो दिसत नाही पण त्यातून वीज जात नाही. पॅनल स्ट्रक्चरला बोल्टने आवळलं म्हणजे अर्थिंग झालं असं खूप ठिकाणी धरून चालतात. फ्रेमवर अर्थिंगची खूण असलेलं एक भोक असतं, तिथे दातेरी स्टार वॉशर घालून वायर घट्ट आवळायला हवी, ते दात थर खरवडून आतल्या धातूला भिडतात. आणि तिथे उघडं तांबं थेट अॅल्युमिनियमवर नको, कथिलाचा मुलामा असलेला लग (वायरीच्या टोकाला बसवायची चकती) लावायचा, नाहीतर खाडीच्या खाऱ्या हवेत दोन-तीन पावसाळ्यांत तो सांधा पांढरी भुकटी होऊन जातो. तुमची सिस्टिम दोन वर्षांची आहे म्हणता, मला आधी तिथेच बघावंसं वाटतं.

इन्व्हर्टर बंद करूनही रेलिंगवर एसी व्होल्टेज दिसत असेल (मीटरने बघायचं, हाताने नाही) तर मग सोलरचा संबंध नाही, घरातल्या किंवा बिल्डिंगमधल्या वायरिंगची गळती आहे, आणि तेही तितकंच तातडीचं.

प्रश्न : सोसायटीत ४० किलोवॅटचं सोलर बसतंय. व्हेंडरने अर्थिंगचे तीन खड्डे घेतलेत, एक एसीचा, एक डीसीचा, एक लायटनिंग अरेस्टरचा (आकाशातली वीज झेलणाऱ्या दांडीचा), आणि तो म्हणतो तिन्ही एकमेकांपासून पूर्ण वेगळे ठेवायचे. आमचा जुना वायरमन म्हणतो सगळे पट्टीने जोडून टाका. कमिटीत दोन गट पडलेत. — ऐरोलीहून सोसायटीचे सेक्रेटरी

वायरमनचं बरोबर आहे.

व्हेंडरही खोटं बोलत नाहीये, त्याने टेंडरमध्ये वाचलंय. सोलरच्या सरकारी स्पेसिफिकेशनमध्ये एसी, डीसी आणि अरेस्टर यांना वेगळे अर्थ पिट द्या असं असतं, आणि तिथून सगळीकडे समज पसरला की वेगळे म्हणजे एकमेकांना शिवायचंच नाही. प्रत्येकाचा स्वतःचा रॉड असावा, स्वतःची वाट असावी, एकाची वायर तुटली तर दुसऱ्याचं अर्थिंग जाऊ नये, हे झालं वेगळे खड्डे. पण जमिनीच्या पातळीला ते सगळे एकमेकांना जोडलेले हवेत, आणि बिल्डिंगच्या मीटर रूमचं जुनं अर्थिंगसुद्धा त्यात आलं पाहिजे. आपलं भारतीय मानक आयएस ३०४३, मूळ १९६६ चं, १९८७ मध्ये आणि मग २०१८ मध्ये सुधारलेलं, इलेक्ट्रोड एकमेकांना जोडायलाच सांगतं, आणि वीज पडण्यापासून बचावाचं आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६२३०५ सुद्धा संपूर्ण इमारतीला एकच सामाईक अर्थिंग असावं याच बाजूचं आहे.

का, ते आकड्याने बघू. वीज पडली, करंट धरा ३० हजार अँपिअर, हा काही फार मोठा झटका नाही, साधारण मधला आहे. अरेस्टरचा खड्डा छान पाच ओहमचा आहे. तीस हजार गुणिले पाच म्हणजे दीड लाख व्होल्ट. तेवढ्या क्षणापुरता अरेस्टरचा खड्डा दीड लाखावर गेला, आणि चार मीटरवर असलेला इन्व्हर्टरचा खड्डा, जो "पूर्ण वेगळा" आहे, तो जवळपास शून्यावर. एवढा फरक हवेत टिकत नाही, तो कुठून तरी उडी मारणार, आणि गच्चीवरून खाली येणारी तुमची डीसी केबल आणि इन्व्हर्टर नेमके त्याच वाटेवर. सगळे खड्डे जोडलेले असले तर व्होल्टेज चढायचं ते चढतंच, पण सगळं एकदम चढतं, दिवा गावाजवळच्या खाडीत भरती आली की सगळ्या होड्या एकत्र वर येतात ना तसं, आणि दोन होड्यांमध्ये ताण पडत नाही. जीव आणि मशीन वाचतं ते या फरक न पडण्यामुळे.

आता जोडायचं म्हणजे गच्चीवर सगळं एका वायरीत गुंडाळून खाली सोडायचं असं नाही. अरेस्टरची पट्टी बाहेरच्या भिंतीवरून सरळ, शक्य तितक्या कमी वळणांनी, तिच्या स्वतःच्या खड्ड्यात. डीसी केबल तिच्या शेजारून न्यायची नाही. आणि मग खाली, जमिनीत, तिन्ही-चारही खड्डे पट्टीने एकमेकांना. प्रत्येक खड्ड्यावर उघडता येईल अशी लिंक ठेवायला सांगा म्हणजे दरवर्षी एकेक खड्डा सुटा करून मोजता येतो, आणि मोजताना सोलर बंद ठेवायचं, मोजून झालं की लिंक परत लावली का ते कमिटीतल्या कुणीतरी डोळ्यांनी बघायचं. हे शेवटचं मुद्दाम सांगते, कारण लिंक उघडी राहिली की वरून काही कळत नाही, सोलर आपलं छान चालू असतं.

तुमच्या दोन्ही गटांना हे दाखवा. खर्चाचा फरक म्हणाल तर थोडी पट्टी आणि अर्ध्या दिवसाची खोदाई.

प्रश्न : पारसिकच्या डोंगराच्या बाजूला आमचं रो हाऊस आहे, खाली सगळा काळा दगड. खड्ड्याचं रीडिंग १८ ओहम आलं, व्हेंडर म्हणतो पाचच्या आत नाही आलं तर सिस्टिम धोकादायक, केमिकल अर्थिंगचे जादा पैसे द्या. द्यावेत का? — सीबीडी बेलापूरहून एक वाचक

हा प्रश्न मला फार आवडला, कारण पाच ओहम हा आकडा आपल्याकडे मंत्रासारखा झालाय आणि तो आला कुठून, त्याने नेमकं काय होतं, हे कुणी विचारत नाही.

आधी जमिनीचं बघू. तीन मीटरचा, सतरा मिलीमीटर जाडीचा रॉड घ्या आणि आयएस ३०४३ मधल्या सूत्रात टाका. जमिनीची रेझिस्टिव्हिटी, म्हणजे ती विजेला किती अडवते ते, शंभर ओहम-मीटर असेल, म्हणजे साधी बरी माती, तर एका रॉडला सुमारे ३५ ओहम येतात. वाशी-ऐरोलीच्या खाडीकाठच्या काळ्या चिखलात रेझिस्टिव्हिटी दहाच्या आसपास किंवा त्याहून कमी, तिथे तोच रॉड साडेतीन ओहम देतो आणि व्हेंडरची पाठ थोपटली जाते. तुमच्या कोरड्या बेसॉल्टमध्ये रेझिस्टिव्हिटी हजाराच्या घरात जाऊ शकते, मग तोच रॉड साडेतीनशे. रॉड तोच, माणूस तोच, फक्त पत्ता बदलला. त्यामुळे तुमचे १८ म्हणजे खरं तर बरंच चांगलं काम आहे, बहुधा वर मुरमाचा थर आहे.

आता धोका. समजा घरात गिझरची फेज बॉडीला लागली, आणि तुमच्या घराला स्वतःच्या खड्ड्याचंच अर्थिंग आहे. खड्डा १८ चा नाही, व्हेंडरला हवा तसा पाचचा आहे. २३० भागिले ५, म्हणजे जास्तीत जास्त ४६ अँपिअर करंट जमिनीत जाईल. तुमचा ३२ अँपिअरचा सी टाइप एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) झटक्यात पडायला १६० ते ३२० अँपिअर लागतात. ४६ वर तो पडायला तासभरसुद्धा घेऊ शकतो, आणि तोपर्यंत गिझरची बॉडी जिवंत. म्हणजे पाच ओहमने एकट्याने तुम्हाला वाचवलंच नाही! वाचवतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, गळती दिसली की लाईन तोडणारा स्विच. त्याला फक्त ३० मिलिअँपिअर गळती दिसायला हवी, आणि १८ ओहममधून ३० मिलिअँपिअर जाताना बॉडीवर अर्धा व्होल्ट येतो. धोक्याची पातळी ५० व्होल्ट धरली तर हिशोबाने खड्डा सोळाशे ओहमचा असला तरी आरसीसीबी वेळेत पडेल.

याचा अर्थ अर्थिंग कसंही चालतं असा मात्र काढू नका. वीज पडली की कमी ओहम उपयोगी पडतातच, सबसिडीच्या तपासणीत पाचच्या आतलं रीडिंग मागतात ते द्यावं लागतं, आणि उन्हाळ्यात जमीन सुकली की तुमचे १८ चे ३० होऊ शकतात. रीडिंग मे महिन्यात घ्या. जुलैतलं रीडिंग सगळ्यांचंच सुंदर येतं, ठाण्या-बेलापूरच्या पावसात दगडालासुद्धा घाम फुटतो.

कमी कसं करायचं? जाड रॉड घेऊन फायदा नाही, जाडी दुप्पट केली तर ओहम जेमतेम दहा टक्के उतरतात. लांबी दुप्पट केली तर जवळपास निम्मे. पण दगडात सहा मीटर ठोकणार कोण, म्हणून मग दोन-तीन रॉड, एकमेकांपासून निदान रॉडच्या लांबीइतके दूर आणि जोडलेले, जवळजवळ ठोकले तर एकमेकांचीच जागा खातात. त्याहून मला आवडतं ते घराभोवती अर्धा-पाऊण मीटर खोल चर खणून पट्टीची रिंग टाकणं, तुमच्याकडे कुंपणाच्या आत तेवढी माती असेलच. केमिकल अर्थिंग म्हणजे रॉडभोवती बेंटोनाइटसारखं ओल धरणारं मिश्रण भरणं. रॉडचा बराचसा विरोध त्याच्या अगदी लगतच्या जमिनीत असतो, त्यामुळे दगडात भोक पाडून मोठ्या व्यासात हे भरलं तर फरक नक्की पडतो. तुमच्या जागी पैसे वाया जाणार नाहीत. पण आधी आरसीसीबी आहे का बघा, त्याचं टेस्ट बटण दाबून पडतोय का बघा, नसेल तर पहिला खर्च तो.

घर अजून बांधायचं असलेल्या वाचकांसाठी एक गोष्ट. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत अॅरिझोनाच्या वाळवंटात दारूगोळ्याच्या कोठारांना अर्थिंग मिळेना, जमीन कोरडी ठाक. हर्बर्ट उफर या इंजिनिअरने पायाच्या काँक्रीटमधल्या सळयाच इलेक्ट्रोड म्हणून वापरल्या. जमिनीतलं काँक्रीट ओल धरून ठेवतं, आजूबाजूच्या दगडापेक्षा कितीतरी बरा वाहक असतं. पाया भरतानाच सळयांना वेल्ड करून एक पट्टी बाहेर काढून ठेवली तर डोंगरावरच्या घरालाही झकास अर्थिंग मिळतं, जवळजवळ फुकट. बांधून झालेल्या घराचे कॉलम मात्र यासाठी फोडू नका.

प्रश्न : पावसाळ्यात रोज सकाळी इन्व्हर्टरवर आयएसओ फॉल्ट येतो, अकराच्या सुमाराला आपोआप जातो. व्हेंडर सांगतो रीसेट करत राहा. — घोडबंदर रोड, ठाण्याहून एक वाचक

रीसेट करत राहू नका. इन्व्हर्टर रोज सकाळी लाईनला जोडण्याआधी डीसी वायरी आणि अर्थिंग यांच्यातलं इन्सुलेशन तपासतो, ते कमी आलं की हा फॉल्ट देतो. रात्रीच्या पावसाचं पाणी कुठल्या तरी कनेक्टरमध्ये शिरलंय किंवा पत्र्याच्या धारेवर केबल सोललीय, ऊन चढलं की सुकतं आणि मशीन चालू होतं. पण सोललेली केबल सोललेलीच राहते.

डीसी बाजूची अडचण अशी की तिथे फ्यूज आपल्या मदतीला येत नाही. साधारण ५४० वॅटचं पॅनल चालू असताना १३ अँपिअर देतं आणि शॉर्ट केलं तरी १४ च्या आसपास. एवढ्याशा फरकाने कुठलाच फ्यूज उडत नाही. एप्रिल २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफिल्डला एका मोठ्या दुकानाच्या छतावरच्या सोलरला आग लागली, तिच्या तपासातून हेच पुढे आलं. तिथल्या सिस्टिममध्ये डीसीची एक बाजू अर्थला जोडलेली होती. त्या बाजूच्या वायरीतला छोटा अर्थ फॉल्ट आधीपासून तसाच पडून होता, फॉल्ट पकडायच्या फ्यूजला तो दिसण्याइतका मोठाच नव्हता, आणि मग दुसऱ्या बाजूला दुसरा फॉल्ट झाला तेव्हा दोन्ही मिळून मोठा करंट वाहायला लागला आणि तो थांबवायला कुणीच नव्हतं. आपल्या घरगुती ट्रान्सफॉर्मरलेस सिस्टिममध्ये डीसी अर्थला जोडत नाहीत, इन्व्हर्टर पहिल्याच फॉल्टला ओरडतो, ही सोय आहे. ती ओरड रीसेट करून बंद करायची म्हणजे दुसऱ्या फॉल्टची वाट बघायची. आणि फ्रेमचं अर्थिंग तुटलेलं असलं तर इन्व्हर्टरला पहिलाही दिसणार नाही, हे नेरूळच्या वाचकांनीही लक्षात घ्या.

फॉल्ट कुठे आहे ते शोधायची एक सोपी रीत आहे, सकाळी फॉल्ट असतानाच, आणि ती फक्त शिकलेल्या माणसाने, रबरी हातमोजे घालून करायची, कारण दिवसा पॅनल बंद करता येत नाहीत आणि स्ट्रिंगवर (एकामागोमाग जोडलेल्या पॅनलच्या माळेवर) चार-पाचशे व्होल्ट डीसी असतो. धरा बारा पॅनलची स्ट्रिंग, प्रत्येकी ४० व्होल्ट, एकूण ४८०. प्लस ते अर्थ ३२० आले आणि मायनस ते अर्थ १६०, तर १६० भागिले ४० म्हणजे मायनस बाजूने चौथ्या आणि पाचव्या पॅनलच्या मधला सांधा बघायचा. बऱ्याचदा तिथे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत दाबून बसवलेले सापडतात, बसतात पण पाणी रोखत नाहीत.

प्रश्न : अर्थिंगच्या खड्ड्यात दरवर्षी मीठ-कोळसा घालावा का? — वाशीहून एक वाचक

तुमच्या जमिनीत मीठ आधीच भरपूर आहे, खाडीने घातलंय. आणखी घातलंत तर फक्त जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) पाइप लवकर गंजेल. त्यापेक्षा वर्षातून एकदा झाकण उघडून वरचा सांधा बघा, घासा, आवळा, ग्रीस लावा. नवीन इलेक्ट्रोड घालताना तांब्याचा मुलामा असलेला रॉड खाऱ्या जमिनीत जास्त टिकतो, पण त्याला जुना जीआय पाइप जोडलेला असेल तर ओल्या जमिनीत तो जीआय पाइप झपाट्याने खाल्ला जातो, हे धरून चला आणि दर दोन वर्षांनी मोजा.

प्रश्न : एका कंपनीचा माणूस म्हणाला आमचा खास अरेस्टर लावा, शंभर मीटरची छत्री मिळते, आजूबाजूच्या बिल्डिंगसुद्धा सुरक्षित. — खारघरहून एक वाचक

ज्याला ईएसई (अर्ली स्ट्रीमर एमिशन) म्हणतात तो हा प्रकार. फ्रान्सचं एक मानक त्याला मानतं, आयईसी ६२३०५ त्या वाढीव छत्रीला मानत नाही, त्यात हा अरेस्टर साध्या टोकदार दांड्याइतकाच धरायचा. आयईसीची पद्धत अशी की संरक्षणाच्या पातळीप्रमाणे २० ते ६० मीटर त्रिज्येचा एक कल्पनेतला गोळा इमारतीवरून लोळवायचा आणि तो जिथे जिथे टेकेल तिथे वीज पडू शकते असं धरायचं. त्या हिशोबाने चार-सहा साध्या दांड्या नीट जागी लावल्या तर काम होतं, फक्त त्यांची सावली पॅनलवर पडणार नाही हे बघा, नाहीतर युनिट कमी.

मी तो पैसा एसपीडीवर, म्हणजे अचानक चढलेलं व्होल्टेज अर्थकडे वळवणाऱ्या उपकरणावर घालायला सांगेन, इन्व्हर्टरच्या डीसी आणि एसी दोन्ही बाजूंना. आणि एसपीडीपासून अर्थच्या पट्टीपर्यंतची वायर अर्ध्या मीटरच्या आत ठेवायला लावा. विजेच्या झटक्यात वायरीचा ओहम महत्त्वाचा राहत नाही, तिचा इंडक्टन्स महत्त्वाचा होतो, दर मीटरला साधारण एक मायक्रोहेन्री. दहा हजार अँपिअर दहा मायक्रोसेकंदात चढले तर दर मीटर वायरीवर हजार व्होल्ट. वायरमनने नीटनेटकं दिसावं म्हणून दोन मीटर वायर गुंडाळून ठेवली की एसपीडी असून नसल्यासारखा.

प्रश्न : लाईट गेली की सोलरही बंद पडतं, भर दुपारी. मग उपयोग काय? — कळव्याहून एक वाचक

मुद्दाम बंद पडतं. लाईन बंद करून महावितरणचा माणूस खांबावर चढलेला असतो, तुमच्या गच्चीवरून त्या लाईनमध्ये वीज गेली तर त्याच्या जिवावर बेतेल. बॅकअप हवा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्या, पण तेव्हा एक गोष्ट विचाराच. लाईन तुटली की तुमचा न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगपासूनही तुटतो, मग बॅकअपवर असताना न्यूट्रल आणि अर्थ कोण जोडतं? काही इन्व्हर्टर आतल्या रिलेने जोडतात, काहींना बाहेरून सोय लागते. ती नसेल तर बॅकअपवर आरसीसीबी पडणारच नाही.

प्रश्न : मी इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. सोलर आणि अर्थिंग यावर प्रोजेक्ट करायचंय, पण सर म्हणतात यात नवीन काही उरलं नाही. — ठाण्याहून एक विद्यार्थिनी

उरलंय, आणि तुमच्या दारात आहे. सोलर प्लांटच्या अर्थिंगसाठी आयईईई या इंजिनिअरांच्या संस्थेची स्वतंत्र गाइड आली तीच २०२० मध्ये, क्रमांक २७७८. तोवर सबस्टेशनसाठी लिहिलेली आयईईई ८० ताणून वापरत होते. सबस्टेशन म्हणजे छोटी जागा आणि प्रचंड फॉल्ट करंट, सोलर प्लांट म्हणजे मैलोन् मैल पसरलेली जागा, ज्यात स्ट्रक्चरचे हजारो लोखंडी खांब स्वतःच इलेक्ट्रोड होऊन बसलेले असतात. गणित अगदी वेगळं.

दुसरा विषय पीआयडी (पोटेन्शियल इंड्यूस्ड डिग्रेडेशन), व्होल्टेजच्या ताणाने पॅनल उतरणं. स्ट्रिंगच्या मायनस टोकाचे पॅनल अर्थ केलेल्या फ्रेमच्या तुलनेत काहीशे व्होल्ट खाली असतात, दमट आणि गरम हवेत काचेतलं सोडियम त्या ताणाने सेलकडे सरकतं आणि पॅनलची ताकद उतरते. २०१० च्या सुमारापासून हे नाव रूढ झालं. सुरक्षिततेसाठी फ्रेम अर्थ करायलाच हवी, आणि तोच ताण पॅनलला खातो, मग उपाय रात्री उलटं व्होल्टेज देऊन करायचा की सेल आणि काचच तशी बनवायची, यावर भरपूर काम चाललंय. पवईला आयआयटी मुंबईत २०१० पासून फोटोव्होल्टाइकचं राष्ट्रीय केंद्र आहे, एनसीपीआरई. त्यांनी २०१३, २०१४, २०१६ आणि २०१८ ला देशभरातल्या पॅनलची पाहणी केली, रिपोर्ट वाचा, गच्चीवरचे छोटे प्लांट मोठ्या प्लांटपेक्षा लवकर उतरतात असं त्यात दिसतं, आणि आपलं सगळं शहर गच्च्यांचंच आहे.

पण मला विचाराल तर मोजायला बाहेर पडा. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या फ्रँक वेनर यांनी १९१५ मध्ये मांडलेली चार खिळ्यांची पद्धत आजही चालते. चार खिळे एका रेषेत, सारख्या अंतरावर, बाहेरच्या दोनांतून करंट, आतल्या दोनांत व्होल्टेज, आणि रेझिस्टिव्हिटी म्हणजे दोन गुणिले π (३.१४) गुणिले अंतर गुणिले मीटरवरचा ओहम. दोन मीटर अंतरावर चार ओहम आले तर साधारण पन्नास ओहम-मीटर. अंतर वाढवत नेलं की खोलवरचे थर कळतात, भराव कुठे संपला, चिखल कुठे लागला, दगड कुठे. कोलशेतच्या खाडीकाठी एक जागा, येऊरच्या पायथ्याशी एक, मधल्या भरावावर एक, आणि त्याच तीन जागा मे, ऑगस्ट आणि जानेवारीत. शेजारी एकेक रॉड ठोकून सूत्रातून येणारा ओहम आणि प्रत्यक्ष मोजलेला ताडून बघा. भरती-ओहोटीच्या वेळी खाडीकाठचं रीडिंग हलतं का तेही बघा. खारफुटीच्या आत मात्र खणायचं नाही, ती संरक्षित आहे, बाहेरच्या मोकळ्या जागेवर परवानगी घेऊन करा. कॉलेजचा अर्थ टेस्टर कॅलिब्रेट केलेला आहे का ते आधी विचारून घ्या, आणि मेचं पहिलं रीडिंग वळीव पडायच्या आत घ्या.